मेम्ब्रेन खरंच चोंदतेय की सेन्सर गंडवतोय?

थेंबमोजणी (धागाकर्ता)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

प्रयोगशाळेत अल्ट्राफिल्ट्रेशनचा (दाबाने पाणी अतिबारीक छिद्रांच्या पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, गाळायचा) एक छोटा सेटअप आहे. सपाट मेम्ब्रेन, क्षेत्रफळ ४२ चौरस सेंटिमीटर, क्रॉसफ्लो (पाणी मेम्ब्रेनला घासत समांतर वाहतं), दाब १ बारवर बांधलेला. फीडला, म्हणजे गाळायला, साधं नळाचं पाणी. परमिएट, म्हणजे गाळून आलेलं पाणी, निघतं मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर, म्हणजे फ्लक्स ५० एलएमएच (लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास).

एवढीशी धार सतत मोजायची म्हणून सेन्सर घरीच बनवला. ४ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, टेबलावर आडवी. तिच्या मधोमध थर्मिस्टरचा (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा घटक) १ मिमीचा मणी. सर्किट या मण्याला पाण्यापेक्षा कायम १५ अंशांनी गरम ठेवतं आणि त्यासाठी किती वीज खर्ची पडली ते नोंदवतं. पाणी जोरात वाहिलं की मणी जास्त गार पडतो, जास्त वीज लागते. मण्याच्या अलीकडे दुसरा थर्मिस्टर आहे, तो नुसतं पाण्याचं तापमान बघतो. पाणी थांबलेलं असताना ६० मिलिवॅट, ५० एलएमएचला १२० मिलिवॅट. मधले चार बिंदू वजनकाट्यावर तपासून वक्र बसवला होता.

आता रडगाणं. पहिल्या दिवशी ५०, पाचव्या दिवशी ४०. दाब हललेला नाही. मेम्ब्रेन चोंदली म्हणून कॉस्टिक सोडा आणि हायपोने (सोडियम हायपोक्लोराइट) धुतली. लगेच ५०! मी खूश. तीन तासांत पुन्हा ४०. परत धुतली, परत तेच. आता नवी मेम्ब्रेन कापून बसवायच्या बेतात आहे. बसवू का?

---

गाळणीवाले आप्पा

हात आवरा. आधी सांगा, आकडे कुठल्या तापमानाचे आहेत? पाण्याची चिकटाई २० अंशांना १.००२ मिलिपास्कल-सेकंद आणि २५ ला ०.८९०. म्हणजे मेम्ब्रेनला काहीही न होता नुसतं पाणी पाच अंशांनी गार झालं तरी फ्लक्स ११ टक्के पडतो. प्लांटवर नवीन आलेली पोरं पहाटेचा फ्लक्स बघून घाबरतात ते यामुळेच.

---

थेंबमोजणी

ते केलंय आप्पा. सगळे आकडे २५ अंशांवर आणून लिहिलेत. रात्री खोली २१ पर्यंत उतरते, त्याचा हिशेब वजा करूनही ४० च येतंय.

---

नवखा_गाळगडी

बाळबोध प्रश्न. सरळ विद्युतचुंबकीय मीटर का लावत नाही? पाण्यात घुसवायला काही नको, झिजायला काही नाही.

---

शून्यरेषा

@नवखा_गाळगडी, प्रश्न बाळबोध नाही. त्या मीटरला वेग लागतो, सेकंदाला मीटरच्या भाषेतला. यांच्या नळीत पाणी चाललंय सेकंदाला साडेचार मिलिमीटरने. गोगलगाय बरी. शिवाय त्याला पाण्यात थोडी विद्युतवाहकता लागते. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या परमिएटमध्ये क्षार तसेच उतरतात म्हणून तिथे अडचण नाही, पण अतिशुद्ध पाण्यावर (०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर) तो मीटर आंधळा होतो. इतक्या मंद आणि स्वच्छ धारेला उष्णतेचा सेन्सर ही निवड चुकीची नाही. फक्त त्याचे लाड ओळखता आले पाहिजेत.

आता धागाकर्त्यांकडे वळते. तुम्ही घसरलेला फ्लक्स लिहिलात, पण तेव्हाचे मिलिवॅट लिहिले नाहीत. मी उलटा हिशेब केला.

तापलेल्या तारेचा नियम किंग यांनी १९१४ साली मांडला, तो अजून चालतो: लागणारी वीज = एक स्थिर भाग + वेगाच्या साधारण वर्गमुळाच्या पटीतला भाग. तुमचा स्थिर भाग ६०, वाहण्यामुळे लागणारा भाग ६०. आता समजा काही कारणाने १२० चे ११४ झाले. वीज पडली फक्त ५ टक्के. पण ६० वजा केले की उरतात ५४, म्हणजे ०.९ पट. वर्गमुळाचा उलटा प्रवास म्हणजे वर्ग करायचा: ०.८१. सेन्सर सांगणार, प्रवाह १९ टक्क्यांनी घटला!

तुमची सगळी "फाउलिंग" (मेम्ब्रेन चोंदणं) सहा-सात मिलिवॅटांत बसते. एवढ्यावर मेम्ब्रेनला फाशी देऊ नका. तीन गोष्टी करा आणि आकडे इथे टाका.

परमिएटची नळी चिमट्याने बंद करा, पाच मिनिटं थांबा, शून्याची वीज लिहा. मग चिमटा काढून दहा मिनिटं परमिएट झाकणाच्या बाटलीत धरा आणि वजन करा. आणि हो, नळी पारदर्शक आहे म्हणालात ना? मग टॉर्च मारून मण्याकडे बघा की एकदा!

---

थेंबमोजणी

ताई, दंडवत.

शून्यावर ५६ मिलिवॅट येतात. पूर्वी ६० होते.
दहा मिनिटांचं परमिएट ३४.४ ग्रॅम. म्हणजे फ्लक्स ४९ च्या वर!! सेन्सर त्याच वेळी ४० दाखवत होता.

आणि टॉर्च. मण्याच्या माथ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा, नळीच्या छताला टेकून बसलेला. पाणी त्याच्या खालून निवांत जातंय. नळीला टिचकी मारली तर थरथरला, पण हलला नाही. दुसऱ्या टिचकीला सुटला आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत ४० चा ४९ झाला.

दोनदा धुतली हो मी ती मेम्ब्रेन.

---

गाळणीवाले आप्पा

धुताना परमिएटची नळी काढून परत जोडली असणार. बुडबुडा तेव्हा निघून जायचा आणि श्रेय कॉस्टिकला मिळायचं.

---

थेंबमोजणी

अगदी तसंच. दोन्ही वेळा नळी काढली होती.

---

शून्यरेषा

बुडबुडा येतो कुठून तेही बघून घ्या, नाहीतर रोज टिचक्या माराल. फीड दाबाखाली असतं तोवर हवा पाण्यात विरघळलेली राहते. मेम्ब्रेन ओलांडली की दाब जवळजवळ वातावरणाएवढा, आणि हवा बाहेर पडायला टेकलेली. त्यात पुढे १५ अंशांनी गरम मणी. गरम पाण्यात हवा कमी मावते, सगळ्यांना ठाऊक आहे. तिने दुसरी कुठली जागा निवडावी? आणि हवेची उष्णतावाहकता ०.०२६, पाण्याची ०.६. तेवीसपट फरक. मण्याचा जेवढा भाग हवेत, तेवढा भाग जणू दुलईत गुंडाळलेला.

मला या सेन्सरबद्दल मुख्य तक्रार हीच आहे. बुडबुडा बसला, थर जमला, मणी नळीच्या भिंतीकडे सरकला, काहीही झालं तरी वीज कमीच लागते, म्हणजे प्रवाह कमीच दिसतो. आणि आपण शोधत काय असतो? प्रवाह कमी होणं! याचं प्रत्येक दुखणं हुबेहूब मेम्ब्रेनच्या दुखण्यासारखं दिसतं. बिघडून प्रवाह जास्त दाखवणारा सेन्सर असता तर आपण पहिल्याच दिवशी त्याला पकडलं असतं.

उपाय: नळी उभी करा, पाणी खालून वर जाऊ द्या. बुडबुडा सुटला की आपल्या वाटेने निघून जाईल. १५ अंश कशाला हवेत? पाण्यात पाच-सहा पुरतात.

---

अर्धवट_अभियंता

उभी नळी ठीक, पण मग आणखी एक भानगड बघा. गरम मण्याभोवतीचं पाणी हलकं होऊन आपोआप वर सरकतं. १ मिमीचा मणी १५ अंशांनी गरम असेल तर ढोबळ हिशेबाने हा आपसूक प्रवाह सेकंदाला ५-६ मिमी निघतो. यांचा खरा प्रवाह साडेचार! मोजायचंय ते आणि मोजणाऱ्याने स्वतः ढवळलेलं, दोन्ही सारख्याच वजनाचे. आडवी नळी उभी केली, उभीतही पाण्याची दिशा बदलली, की जुना वक्र गेला. नव्याने कॅलिब्रेशन करावंच लागेल.

नळी बारीक करा असं सुचवतो. ४ ऐवजी २.५ मिमी घेतलीत तर वेग अडीचपट होतो, सेकंदाला १२ मिमीच्या आसपास. वर फरक १५ वरून ६ अंशांवर आणलात की आपसूक प्रवाहही चारच्या खाली येईल. मग खरा प्रवाह वरचढ ठरेल.

---

पानगळ

वनस्पतीशास्त्रवाली आहे, वाट चुकून आले, पण वाचताना हसू येतंय. झाडाच्या खोडातून रस किती चढतो हे आम्ही असंच मोजतो. उष्णतेचा ठोका देऊन तो वर किती वेळात पोचतो हे बघायची कल्पना हूबर यांची, १९३२ ची. आणि १९८५ साली ग्रानिए यांनी दोन सुयांची पद्धत दिली: एक तापवलेली, एक साधी, खोडात वर-खाली खुपसलेल्या, आणि दोघींच्या तापमानातला फरक मोजायचा. त्यातही सगळा खेळ शून्याचा. पहाटेच्या आधी झाड जवळजवळ थांबलेलं असतं, तो फरक शून्य-प्रवाहाचा मानायचा. झाड त्या रात्री खरंच थांबलं होतं का, यावर आमच्याकडे भांडणं होतात. तुमच्याकडे चिमटा आहे. सुखी आहात!

---

गाळणीवाले आप्पा

@पानगळ, वाट चुकलेली नाही, बरोबर जागी आलात.

मोठ्या प्लांटवर काय करतात तेही लिहून ठेवतो. परमिएटच्या मुख्य पाइपवर उष्णतेचा सेन्सर मी मीटर म्हणून लावत नाही. लावतो तो पंपाच्या रक्षणासाठी, पाणी आहे की नाही एवढंच सांगायला. त्या कामात तो चोख. संपूर्ण धार तापवून मोजायची म्हटली तर मिनिटाला एक लिटर पाणी एका अंशाने तापवायलाच ७० वॅट लागतात. पाइपभर पाण्याची गोष्टच सोडा.

मेम्ब्रेन बायोरिअॅक्टरमध्ये (जिवाणूंनी सांडपाणी साफ करून मेम्ब्रेनने गाळायची टाकी) मात्र मेम्ब्रेन घासायला खालून हवा सोडतात, ती मोजायला हाच सेन्सर उत्तम. हवा हलकी, तिला तापवायला फार उष्णता लागत नाही, आणि थेट वस्तुमान मिळतं. अट एकच: हवेबरोबर पाण्याचा थेंब आला आणि सेन्सरच्या कांडीवर आपटला की आकडा एकदम उसळतो. म्हणजे शून्यरेषाताईंना हवा तसा, बिघडून जास्त दाखवणारा सेन्सर तिथे सापडेल.

रिजेक्टच्या (मेम्ब्रेनमधून न गेलेल्या, दाट होत जाणाऱ्या द्रवाच्या) बाजूला कधीही लावू नका. साखर, प्रथिनं, जे काही दाट होत जातं त्याने द्रवाची उष्णतावाहकता बदलते. ग्लिसरीनची उष्णतावाहकता पाण्याच्या निम्मी आहे. पाण्यावर बसवलेला वक्र तिथे खोटा पडतो, आणि बॅच जसजशी दाट होते तसतसा रोज वेगळा खोटा.

---

थेंबमोजणी

(सोळा दिवसांनी)

नमस्कार मंडळी. धागा वर काढतोय.

सांगितलं तसं केलं. २.५ मिमीची नळी, उभी, पाणी खालून वर, फरक ६ अंश. सहा बिंदूंवर वजनकाट्याने नव्याने कॅलिब्रेशन. पहिला आठवडा सेन्सर आणि काटा एकमेकांना चिकटून होते. बुडबुडे एकदाही बसले नाहीत. दोन-तीनदा येताना दिसले, मण्यावर क्षणभर थांबून गेले. तेवढ्यापुरता आलेखावर खड्डा पडतो, दिसल्यावर ओळखू येतो.

पण दुसऱ्या आठवड्यापासून सेन्सर सावकाश घसरतोय. आज सेन्सर ४४, काटा ४८.५. यावेळी उडी नाही, सरळ उतार. आणि गंमत म्हणजे शून्य जिथल्या तिथे आहे! चिमटा लावून तीनदा बघितलं. शून्य बरोबर असेल तर सेन्सर चुकतो कसा?

---

अर्धवट_अभियंता

चुना. नळाचं पाणी म्हणालात ना. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव उलटा, गरम पाण्यात ते कमी विरघळतं, म्हणून सर्वात गरम पृष्ठभागावर आधी चिकटतं. सायट्रिक अॅसिड फिरवा.

---

शून्यरेषा

चुना असू शकतो, पण मला शंका आहे. आधी शून्य का हललं नाही ते बघू, कारण खरी खूण तिथे आहे.

मण्यातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपुढे दोन अडथळे एकामागे एक आहेत: आधी जमलेला थर, मग पाणी. पाणी थांबलेलं असताना पाण्याचाच अडथळा मोठा असतो, त्यापुढे थराचा कुठे दिसतच नाही. पाणी वाहू लागलं की पाण्याचा अडथळा कमी होतो आणि थराचा वाटा जाणवू लागतो. म्हणून थर शून्यावर लपतो आणि वरच्या टोकाला सापडतो. बुडबुड्याचं तसं नव्हतं. त्याने मण्याचा एक तुकडाच झाकला होता, म्हणून शून्यही ६० चं ५६ झालं होतं. मागच्या वेळी मीच शून्य बघा म्हणाले होते. ते पुरेसं नाही, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

आता जाडी. ४८.५ च्या जागी ४४ दिसायला तुमच्या नव्या नळीत एकूण वीज साधारण ३ टक्के पडावी लागते. माझ्या हिशेबाने चुन्याच्या थराला त्यासाठी २० मायक्रॉन जाडी लागेल, कारण चुना पाण्यापेक्षा तीन-चार पटींनी बरा वाहक आहे. नुसत्या सहा अंशांच्या फरकावर दोन आठवड्यांत २० मायक्रॉन मला जास्त वाटतात. बुळबुळीत जिवाणूंचा थर असेल तर ५ मायक्रॉन पुरतात. असा थर म्हणजे बव्हंशी पाणीच, फक्त हलायला नकार देणारं. थांबलेल्या पाण्यात थांबलेल्या पाण्याचा थर! शून्यावर तो अजिबातच दिसणार नाही, आणि तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

---

नवखा_गाळगडी

पण अल्ट्राफिल्ट्रेशनमधून जिवाणू जात नाहीत ना? मग परमिएटच्या नळीत कुठून?

---

गाळणीवाले आप्पा

मेम्ब्रेनमधून नाही, उलट्या बाजूने. नळीचं दुसरं तोंड उघड्या बाटलीत असतं. शिवाय जोडताना आपले हात. परमिएटच्या लायनी सहा महिन्यांनी उघडून बघ, बोट घसरतं.

---

शून्यरेषा

आधी अॅसिड एकटं फिरवा आणि आकडा लिहा. मग हायपो एकटा. दोन्ही एकदम फिरवलंत तर काय निघालं ते कळणार नाही. आणि मध्ये पाण्याने खळखळून धुवा, अॅसिड आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. गंमत नाही ही.

---

थेंबमोजणी

निकाल.

सायट्रिक २ टक्के, अर्धा तास, फक्त सेन्सरच्या नळीतून. मग पाण्याने धुऊन पुन्हा चालू: ४४. काही फरक नाही.
पंधरा मिनिटं साधं पाणी. मग पातळ हायपो, वीस मिनिटं. धुऊन चालू: ४८.

चुना नव्हता. मणी बाहेर काढून भिंगाखाली बघितला नाही, याचं आता वाईट वाटतंय.

---

अर्धवट_अभियंता

चुन्याबाबत माघार. 🙂 पण मग सेन्सरचा हा दोषच कामाला लावता येईल की! दोन मणी ठेवा. एक सतत गरम, दुसरा दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट गरम. सतत गरम असलेल्यावर थर लवकर धरेल. दोघांच्या आकड्यांत फट पडू लागली की समजायचं, नळी धुवायची वेळ झाली.

---

पानगळ

किंवा आमच्याकडून हूबर उसने घ्या. ठोका द्या आणि तो ठरलेल्या अंतरावर किती सेकंदांत पोचतो ते बघा. थर जमला तर ठोका क्षीण होईल, पण पोचायची वेळ फारशी बदलणार नाही. तुमच्या १२ मिमी वेगाला ५ सेंटिमीटर अंतर ठेवलंत तर चार सेकंद, निवांत मोजता येतील. प्रवाह फारच मंद झाला तर मात्र ठोका वाटेतच पसरतो. सेकंदाला ०.१ मिमी असेल तर एक सेंटिमीटर जायला १०० सेकंद, आणि तेवढ्यात तो स्वतःच अर्धा सेंटिमीटर विरघळून रुंद होतो. पुढचं टोक कुठलं नि मधलं कुठलं, काही उमगत नाही.

---

थेंबमोजणी

दोन मण्यांचं करून बघतोय, सर्किटला एक जागा रिकामी आहे. पुढच्या आठवड्यात मेम्ब्रेनचं बॅकवॉशही (पाणी उलट्या दिशेने ढकलून धुणं) चालू करायचंय, दर अर्ध्या तासाला वीस सेकंद. तेव्हा या मण्याचा काही त्रास?

---

शून्यरेषा

त्याला दिशा कळत नाही. पाणी उलटं गेलं तरी तो गारच पडतो आणि इमानदारीत प्रवाह दाखवतो. बॅकवॉशचं पाणी तुमच्या एकूण परमिएटमध्ये मिळवून मोकळा होईल. शिवाय उलट्या प्रवाहात मण्याने तापवलेलं पाणी तापमान बघणाऱ्या थर्मिस्टरवर जाईल, म्हणजे तोही चुकणार. झडपेचा सिग्नल नोंदीत घ्या आणि तेवढी वीस सेकंदं, वर पुढचं अर्धं मिनिट, आकडे टाकून द्या.

---

थेंबमोजणी

घेतो. आजचा काटा ४८.३, सेन्सर ४८. नवी मेम्ब्रेन पाकिटातच आहे.